पागोळ्यांमागचं पनवेल

दारात पाहुणा उभा राहिला की माणसाला आपल्या गावाचा अभिमान आठवतो, आणि त्यात आषाढ असेल तर आपल्या गावाला छप्पर किती कमी आहे, हेही त्याच वेळी लक्षात येतं. मंगळवेढ्याहून आमची अक्का आणि दाजी आले तेव्हा माझं असंच झालं. त्यांना खरं तर रत्नागिरीला जायचं होतं. दाजी शाळेतून निवृत्त झाले त्या दिवसापासून दोघांनी गणपतीपुळ्याचं ठरवलं होतं, आणि ठरवण्यात चार वर्षं गेल्यावर भर पावसाळ्यात निघाले होते. पण कोकणच्या वाटेवर कुठंतरी रुळांवर दरड आली, गाडी रद्द झाली आणि एका रात्रीचे पाहुणे तीन दिवसांचे झाले. मला मनातून आनंदच झाला. पनवेलला तसं कुणी येत नाही, सगळे पनवेलवरून जातात. इथं मुद्दाम राहायला पाहुणा मिळणं म्हणजे फलाटावरच्या बाकाला यजमानपद मिळण्यासारखं आहे.

रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मी दाखवायच्या जागांची यादी केली. कर्नाळ्याचं अभयारण्य, त्यावरचा तो अंगठ्यासारखा सुळका, प्रबळगड, कलावंतीण दुर्ग, गाढेश्वर, खारघरचा पांडवकडा. यादी झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की यातल्या एकाही जागेला कौल नाही. कर्नाळ्याचा किल्ला तर ढगात गेला होता. तो दाखवायचा म्हणजे पाहुण्याला पांढऱ्या आभाळाकडे बोट करून ‘त्याच्या मागे आहे’ असं सांगायचं आणि त्यानं देवावर ठेवावा तसा विश्वास ठेवायचा. पांडवकड्याची गोष्ट त्याहून गमतीची. एकशे सात मीटरचा तो कडा उन्हाळाभर दगडासारखा दगड असतो. पाऊस लागला की त्याच्यात जीव येतो, आणि त्याच्यात जीव आला की इतरांचा जाऊ नये म्हणून तिकडे जायला बंदी होते. धबधबा असतो तेव्हा वाट नसते आणि वाट असते तेव्हा धबधबा नसतो. आयुष्यात पुष्कळ गोष्टी अशाच भेटल्यामुळे मला त्या कड्याविषयी जिव्हाळा आहे, पण जिव्हाळा पाहुण्याला दाखवता येत नाही.

राहिली तळी. आमचं गाव तळ्यांचं. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे ही नावंच मुळी एका घरातल्या भावंडांसारखी. पण भर पावसात तळं दाखवणं मला प्रशस्त वाटेना. वर पाणी, खाली पाणी, मध्ये आपण आणि आपली उलटी झालेली छत्री. तळं आणि आभाळ यांचं इतक्या जवळचं काहीतरी चाललेलं असताना तिऱ्हाइतानं तिथं उभं राहू नये.

तेव्हा पहिल्या सकाळी मी दाजींसाठी बाजारातून एक नवी काळी छत्री घेतली. लांब दांड्याची, मुठीला बाक असलेली. रिक्षा करून आम्ही ओरियन मॉलमध्ये गेलो. याविषयी फार लिहिण्यासारखं नाही. ओल्या कपड्यांनी गारठ्यात शिरल्यावर माणूस जेवढा वेळ रमतो तेवढा वेळ दाजी रमले. सरकत्या जिन्यानं वर गेले, दुसऱ्यानं खाली आले, दोनदा शिंकले. मग काचेची दुकानं चारी बाजूंनी न्याहाळून त्यांनी मला हळूच विचारलं, “मेव्हणं, हितनं पाऊस कुठनं दिसतो वो?” मला वाटलं, हे आता घरी जायचं म्हणताहेत. तसं नव्हतं, पण ते मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं.

दुपारी वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाच्या नाट्यगृहावर गेलो, तर त्या वेळेला प्रयोग नव्हता. नाटकाशिवाय नाट्यगृह म्हणजे नवरदेव अजून न आलेलं मंगल कार्यालय. पोर्चमध्ये पाऊस ओसरण्याची वाट पाहत उभे राहिलो तेव्हा दाजींनी वर नाव वाचलं, आणि त्यांच्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला. “हे हितलं?” त्यांनी विचारलं. शिरढोण इथून जवळच, गोवा रस्त्यावर, असं मी सांगितलं. मग दुसरी सकाळ तिकडेच गेली.

शिरढोणचा फडक्यांचा वाडा. 4 नोव्हेंबर 1845 ला वासुदेव बळवंतांचा जन्म या गावातला, आणि आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. म्हणजे आम्हाला ढगामुळे न दिसलेल्या किल्ल्याचा माणूस निदान घरी भेटला. दाजींनी छत्री मिटून बाहेर टेकवली, चपला काढल्या. वर्गात शंभरदा शिकवलेली गोष्ट ते मलाच सांगू लागले. एडनच्या तुरुंगातून फेब्रुवारी 1883 मध्ये या माणसानं कोठडीचं दार बिजागरीसकट उपसून पळ काढला, पण पुन्हा पकडला गेला आणि अन्नत्याग करून 17 तारखेला गेला. बोलता बोलता दाजींचा हात तिथल्या दाराच्या चौकटीवर गेला. बोटांनी त्यांनी बिजागरी चाचपली, अगदी सुतारानं चाचपावी तशी. अंदाज घेत होते बहुतेक. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दारं चौकटीत रुतून बसतात. आमच्या घरातलं न्हाणीघराचं दार तर जूनमध्ये लागतं ते दसऱ्याला उघडतं. मी हे सांगणार होतो, पण दाजींचा चेहरा पाहून गप्प राहिलो. पावसापासून आडोसा म्हणून मी त्यांना या छपराखाली आणलं होतं, आणि छप्पर होतं ते बंद दार न सोसणाऱ्या माणसाचं.

परतताना पळस्पे फाट्यावरच्या दत्तमध्ये वडे खाल्ले. पनवेलमधलं बंदिस्त प्रेक्षणीय स्थळ कोणतं, असं कुणी शपथेवर विचारलं तर शंभरातले नव्वद जण ‘पळस्प्याचं दत्त’ असंच सांगतील. तिथं भिजून आलेली माणसं गरम वड्याकडे ज्या नजरेनं पाहतात, त्या नजरेनं मी अजून कुणाला शिल्पाकडे पाहताना पाहिलेलं नाही.

गावात शिरल्यावर रिक्षा बेथ एल सिनेगॉगवरून गेली. 1849 सालचं. दाजींना ते ठाऊक नव्हतं आणि मला ते सांगताना उगाचच घरचं काहीतरी सांगतोय असं वाटलं. कोकणातल्या बेने इस्रायलांना आमच्याकडे शनिवार तेली म्हणत. धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. मराठी बोलणारी, पोह्यांचा मलिदा करणारी ही माणसं, आणि आडनाव गावावरून, म्हणजे कुणी पनवेलकरही. बहुतेक इस्रायलला गेली, तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही काढत राहिली, आणि इथं त्यांच्या नावाचा इस्रायल तलाव उरला. आमच्या वर्गातला एक मुलगा आठवीत असताना गेला. त्यानं जाण्याआधी सांगितलेली एक गोष्ट मला दर पावसाळ्यात आठवते. त्यांच्या धर्मात पावसासाठी खास प्रार्थना आहे, आणि ती येते साधारण आपल्या आश्विनात. ज्या देशात ती रचली गेली तिथं तेव्हा पाऊस सुरू व्हायचा असतो. पनवेलला तेव्हा चार महिन्यांची संततधार नुकती थांबलेली असते, भिंतींवरची बुरशी वाळायला लागलेली असते, गाद्या पहिल्यांदा उन्हात पडलेल्या असतात. आणि इथली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या भक्तिभावानं देवाकडे पाऊस मागत राहिली! देवानंही नकाशा पाहून तो जिथं पाठवायचा तिथं पाठवला असेल. त्या मुलाचं एकच पत्र आलं होतं. त्यात शेवटी लिहिलं होतं, ‘तिकडे लागला का?’ काय लागला, हे लिहायची त्याला गरज वाटली नव्हती.

“थांबायला लागतं वो हितं,” दाजी रिक्षात म्हणाले. फाटकापाशी अडकून आम्ही थांबलोच होतो, पण मला ते वाक्य गावाबद्दलचं वाटलं. रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईचा माणूस खाडीतून बोटीनं पनवेल बंदरात उतरायचा आणि पुढं गाडीनं, पालखीनं घाट चढायचा. 1830 मध्ये बोरघाटाचा रस्ता झाला, तेव्हा तर पनवेल म्हणजे घाटावरचं दारच. मग 1863 मध्ये आगगाडी कल्याण-कर्जतवरून बोरघाट चढून गेली आणि आमच्याकडे पाहिलंही नाही. तोवर घाटावरून आलेले गाडीवान इथली बैलगाडीची चाकं घेऊन जात. पनवेलचं चाक पक्कं, असा लौकिक होता. स्वतः जागच्या जागी राहून दुसऱ्यांना चाकं पुरवायची, हा गावाचा स्वभाव तेव्हापासूनचा आहे. आता द्रुतगती मार्ग आहे, कन्याकुमारीला जाणारा महामार्ग इथूनच निघतो, 1998 पासून हार्बरची लोकल इथंच येऊन दमते, आणि तरीही पावसाळ्यात निम्मा महाराष्ट्र कुठल्यातरी छपराखाली ‘लागली का’, ‘सुटली का’ विचारत आमच्याकडे उभा असतो.

लहानपणी मला एसटी स्टँड हेच पनवेलचं सर्वांत सुंदर ठिकाण वाटायचं. वडील महाडला जायचे आणि मी त्यांना सोडायला. पाऊस असला की गाडी उशिरा, आणि गाडी उशिरा म्हणजे दाणे. ओल्या घोंगड्यांचा वास, टोपल्यांतल्या कोंबड्यांची दबकी कुरबुर, आणि लाउडस्पीकरमधून येणारी गावांची नावं. पेण, वडखळ, नागोठणे, माणगाव. ती नावं पावसाच्या आवाजात अशी बुडून वर यायची की पावसातच ती गावं वसलेली असावीत असं वाटे. गाडी लागली की वडील पटकन माझ्या डोक्यावर हात ठेवायचे आणि गर्दीत नाहीसे व्हायचे. डोक्यावर हाताची ओल घरी जाईपर्यंत असायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या यादीतलं सगळं संपलं. वाचनालय उरलं होतं, पण भिजलेल्या माणसानं पुस्तकांत जाऊ नये. आमचं घर जुन्या पनवेलमधलं, कौलारू, दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या मधे चुकून राहिलेलं. बिल्डर वर्षातून दोनदा तब्येतीची चौकशी करतो, माझ्या नाही, घराच्या. पडवीत एक बाकडं आहे. चहा घेऊन दाजी त्यावर बसले ते उठेनात. कौलांच्या कडेवरून पागोळ्या गळत होत्या. रात्रीच्या जेवणाला बोलवायला गेलो तर म्हणाले, “सत्तावीस हायत्या.”

“काय?”

“धारा. ह्या खांबापास्नं त्या खांबापतुर. सव्वीस सरळ पडत्यात, एक वाकडी.”

मी या घरात साठ वर्षं काढली, पण मला आकडा माहीत नव्हता. वाकडी कोणती ते मात्र माहीत होतं. तिथलं कौल फुटलंय.

मग त्यांनी आत जाऊन तांब्या आणला आणि त्या वाकड्या धारेखाली धरला. कोरडा तांब्या आधी टणटणला, मग आवाज घुमू लागला, मग घुसमटला आणि भरून आल्यावर गप्प झाला. दाजींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. त्यांच्या तालुक्यात वर्षाकाठी पडतो पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आमच्याकडे तीन हजारांच्या घरात. त्यांच्या गावाचे दामाजीपंत लोकांच्या लक्षात राहिले ते दुष्काळात सरकारी कोठारं उघडली म्हणून. तिकडची ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर उभी राहते, वरच्या पाण्याची फारशी वाट पाहत नाही. अशा मुलखातल्या माणसाला मी दोन दिवस छत्री घेऊन हिंडवत होतो आणि पाऊस न दिसणाऱ्या जागा शोधशोधून दाखवत होतो. भरलेल्या तांब्यातलं पाणी टाकायला त्यांचा हात होईना. शेवटी ते उठले आणि अंगणातल्या तुळशीला घालून आले, दोन्ही हातांनी, कोसळत्या पावसात. तुळस आधीच गळ्यापर्यंत बुडाली होती. अक्का आतून ओरडली, “अवो, भिजताय!” दाजी म्हणाले, “व्हय.”

तिसऱ्या दिवशी गाडी सुटणार असल्याची खबर आली. आम्ही स्टेशनवर गेलो, दाणे घेतले, उभे राहिलो. गाडी आली तशी पिशव्यांची घाई झाली, अक्का रडली, दाजींनी पटकन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गर्दीत दिसेनासे झाले.

घरी आलो तर पडवीत खुंटीला ती छत्री. विसरले म्हणून मी लगोलग फोन लावला. “न्हाई, ठिवली,” ते म्हणाले, मागे गाडीचा खडखडाट होता. “आमच्याकडं काय करायची? तुमास्नी लागंल.”

छत्रीच्या टोकाखाली फरशीवर पाण्याचं एक लहानसं तळं साचलं होतं. मी बाकड्यावर बसलो आणि खांबापासून मोजायला सुरुवात केली.