कुत्र्याचे हाल कोण खाणार?

हल्ली राखणीसाठी कुणी कुत्रा आणत नाही. त्या कामाला सीसीटीव्ही आहे. कुत्रा आणतात तो ताण घालवायला. ऑफिसचा ताण, हप्त्यांचा ताण, दहावीतल्या लेकीचा ताण, सासू-सुनांचा आपसातला ताण, सगळा म्हणे लॅब्राडॉरच्या पाठीवरून हात फिरवला की उतरतो. उतरत असेलही. पण उतरून जातो कुठे, हे कुणी विचारत नाही. दीड-दोन वर्षांनी तोच लॅब्राडॉर सोफ्याचा कोपरा कुरतडायला लागतो, स्वतःचा पंजा चाटून चाटून लाल करतो, आणि डॉक्टर सांगतात, ‘‘याला स्ट्रेस आहे.’’ घरातले एकमेकांकडे बघतात. ‘‘याला कसला आलाय स्ट्रेस? आयतं खातो, एसीत लोळतो!’’ हे वाक्य आधी घरच्या गृहिणीबद्दल म्हणून झालेलं असतं, त्यामुळे ते तोंडात चांगलं बसलेलं असतं.

त्याचा वाढदिवस पाहिलाय? अवश्य पाहावा. पुठ्ठ्याची चकचकीत टोपी, तिचं रबर जबड्याखाली करकचून बसलेलं. सोसायटीतली झाडून सगळी पोरं, फुगे, त्यातला एक फुटलेला. मालकीणबाई त्याच्या गळ्यात हात टाकून गाल दाबताहेत आणि समोरून चार मोबाइल. कुत्रा जांभई देतो. ‘‘अगं, झोप आली बाळाला!’’ नाकावरून जीभ फिरवतो. ‘‘केक हवाय त्याला!’’ तोंड फिरवतो. ‘‘लाजला बघ!’’ डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसेपर्यंत तिरकं बघतो. ‘‘हाच फोटो डीपीला!’’ टुरिड रुगोस नावाच्या नॉर्वेच्या प्रशिक्षक बाईंनी आयुष्यभर कुत्र्यांच्या याच खाणाखुणा टिपल्या. अशा वेळची जांभई झोपेची नसते आणि अशा वेळी नाकावर फिरणारी जीभ केकसाठी नसते. ‘आवरा आता’ हे सभ्यपणे सांगायच्या त्या रीती असतात. आपण त्यांना लाइक देतो. शेवटी तो गुरगुरतो, तेव्हा ‘‘एवढे लाड करतो आणि आमच्यावरच उलटतो?’’ आणि पुढे कधी दात लागलाच तर ‘‘अचानक चावला हो!’’ अचानक कसला? तलाठी कार्यालयात माणूस देत नाही इतके अर्ज त्याने आधी दिलेले असतात. दत्तगुरूंच्या पायाशी चार-चार कुत्री आहेत, पण त्यांनी एकालाही टोपी घातल्याचं कुठल्या तसबिरीत दिसत नाही.

भुंकण्याची तऱ्हा आणखी न्यारी. हजारो वर्षं या जमातीला आपण ज्या कामासाठी भाकर घातली, ते काम म्हणजे कुणी आलं की भुंकणं. आता दिवसभर बेल वाजते. दहा मिनिटांत येणारी कोथिंबीर, मग विसरलेलं आलं, मग कुरिअर, मग इस्त्रीवाला, मग शेजाऱ्याचं चुकून आलेलं पार्सल. प्रत्येक बेलला तो इमानाने ड्युटीवर हजर होतो आणि प्रत्येक वेळी त्याला ‘‘चूऽप!’’ ऐकावं लागतं. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ‘बी विंगमधलं न्यूसन्स’ अशी नोंद होते. त्यात घरात चार माणसं आणि चार हुकूम. आजी ‘बस’ म्हणते, बाबा ‘सिट’, लेक ‘सिट डाउन’, आणि कामाच्या मावशी काही न बोलता केरसुणी दाखवतात. सोफ्यावर चढायला सोमवारी मुभा, रविवारी पाहुणे आले की मनाई. नियम कडक असला तर कुत्रा निभावून नेतो. कुठला नियम कधी लागू होणार याचा पत्ता नसला की त्याचं डोकं फिरतं. माणसांचंही फिरतं, पण माणसाला निदान पक्ष बदलता येतो.

फिरायला नेणं म्हणजे आपल्याकडे सू-शी उरकून आणणं. कुत्र्याला फिरायचं असतं ते नाकाने. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात कोट्यवधी. खांबाशी तो थांबतो, जरा कुठे नाक लावतो, तोच पट्ट्याला हिसका. मालकाच्या कानात ऑफिसचा कॉल चालू असतो आणि घड्याळाला पावलं मोजून हवी असतात, कुत्र्याची नव्हे, स्वतःची. ज्यांना तेवढाही वेळ नाही ते पगारी पोरगा ठेवतात. एका हातात पाच पट्टे, दुसऱ्या हातात रील. काही घरांत तर तेही नाही. गॅलरी, साखळी आणि खाली रस्त्यावर हुंदडणारी मोकळी कुत्री बघत काढलेला दिवस. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हा गुन्हा आहे बरं का. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, कलम ११. पहिल्या वेळचा दंड कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. पुरेपूर दंड झाला तरी दोन-तीन वडापावांत भागतं. कुत्रा आणण्याआधी लोक त्याच्या जातीचा कागद तपासतात, या कायद्याचा कागद कुणी उघडत नाही. उघडला तर हुरूपच यायचा.

कानाचं तर विचारूच नका. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास. स्वयंपाकघरात उंदीर पळवायचं ते अल्ट्रासॉनिक यंत्र प्लगात खोचलेलं असतं. आपल्याला ऐकू येत नाही, उंदरांचं काय होतं ते उंदीर जाणोत, पण कुत्र्याला ते चोवीस तास ऐकू येऊ शकतं, आणि घरचे म्हणतात, ‘‘हा किचनमध्ये का येत नाही कुणास ठाऊक!’’ गणपतीत स्पीकरच्या भिंती. मग दिवाळी. नेपाळात तिहार सणाचा दुसरा दिवस कुत्र्यांचा. कुकुर तिहार. घरच्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना टिळा, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात गोडधोड. आपल्याकडे त्याच सुमारास नरकचतुर्दशी असते. पहाटे अभ्यंगस्नान करून, उटण्याचा घमघमाट अंगाला असताना, पहिलं पुण्यकर्म म्हणून सुतळी बॉम्ब. कुत्रा पलंगाखाली, लाळ गळतेय, थरथरतोय. त्याला ओढून बाहेर काढणारा एखादा बाप्या असतोच. ‘‘सवय होऊ दे, भित्रा राहील नाहीतर!’’ अशाने सवय होत नाही. पुढच्या वर्षी तो टिकलीच्या आवाजालाही पलंगाखाली जातो.

सैबेरियाच्या बर्फात गाड्या ओढायला घडवलेला हस्की नागपुरात ठेवणाऱ्यांबद्दल मी लिहीत नाही. मे महिना त्यांच्याबद्दल पुरेसं लिहितो. गुळगुळीत टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय चार दिशांना जातात, म्हणून तो जागचा हलत नाही, आणि घरचे म्हणतात, वयानुसार शांत झालाय.

या सगळ्यावर बाजारात उपाय आहेत. मन शांत करणारी बिस्किटं आहेत, अंगाला घट्ट बसणारं जॅकेट आहे, प्लगात लावायचं सुगंधी यंत्र आहे (एक प्लग उंदरांसाठी आधीच गेलेला असतो), तासावर पैसे घेणारे वर्तनतज्ज्ञ आहेत. चांगला तज्ज्ञ पहिला अर्धा तास कुत्र्याकडे बघतच नाही. तुम्ही किती वाजता उठता, कुणावर ओरडता, घरी एकटा तो किती तास असतो, हेच विचारत बसतो. मालकांना हे आवडत नाही. आम्ही कुत्रा दाखवायला आणलाय, आमचं काय विचारता? मग तज्ज्ञ बदलला जातो.

स्वीडनमधल्या लिंशोपिंग विद्यापीठाच्या लोकांनी २०१९मध्ये, मालकाचा ताण उतरून जातो कुठे, याचा छडा लावणारं काम छापलं. अठ्ठावन्न कुत्री आणि त्यांचे मालक घेतले, दोघांचेही केस कापले आणि त्यांतलं कॉर्टिसोल मोजलं. हे ताणाचं संप्रेरक वाढत्या केसात साठत जातं, म्हणजे केसावरून महिनोन्महिन्यांचा हिशेब लागतो. मालकाचा आकडा वर तर कुत्र्याचाही वर. शिवाय मालकाचा स्वभाव कसा आहे याचाही कुत्र्याच्या आकड्याशी संबंध दिसला, आणि कुत्रा मालकाचा ताण उचलत असावा असा संशोधकांनी अंदाज बांधला. आपल्याकडे हा प्रयोग करायला काहीच हरकत नाही. कुत्र्याचे केस तर सोफ्यावर, सतरंजीवर, वरणात, मागाल तितके आहेत. पंचाईत मालकांची होईल. आमच्या बिल्डिंगमधल्या कुत्रेवाल्या पुरुषांपैकी निम्म्यांच्या डोक्यावर कापायला काही उरलेलंच नाही, आणि उरलेल्यांनी कलप लावलाय.