संगणकाला झोप येईना

धानाचा हंगाम लागला की गोंदिया जिल्ह्यात दोन रांगा लागतात. एक चुंगड्यांची, दुसरी ऑनलाइन नोंदणीची. पहिली निदान सरकते. दुसरीत सातबारा, आधार आणि पासबुक हातात धरून उभा असलेला शेतकरी दिवसभर एकच वाक्य ऐकतो, "सर्व्हर डाऊन आहे, काका." आणि दिवसभर न चाललेला तोच संगणक संध्याकाळी बंद करायला जावं, तर बंदही होत नाही! पडद्यावर ठिपके गोल गोल फिरत राहतात. कार्यवाही सुरू आहे.

"साहेब, हे बंदच नाई होऊन रायलं," ऑपरेटर ओरडतो आणि तज्ज्ञ जमतात. एक म्हणतो, बटण दाबून धर. चार-पाच सेकंदांत यंत्र मरतं खरं, पण न जपलेलं काम सोबत घेऊन. दुसरा थेट मेन स्विचकडे धावतो. तिसरा अनुभवी. तो खुर्चीतून न उठता सांगतो, "थांबा, लाईन जाईलच." तिरोड्याला ३३०० मेगावॉटचं वीज केंद्र असलेल्या जिल्ह्यात हा भरवसा अनाठायी नाही. अडचण एवढीच, की हवी तेव्हा लाईन जात नाही.

खरं दुखणं निराळंच असू शकतं. २०१२ साली विंडोज ८ सोबत 'फास्ट स्टार्टअप' आलं. तेव्हापासून 'शट डाऊन' म्हटलं की संगणक तुमचे प्रोग्राम बंद करतो, पण विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तोच उचलून पुढे चालू लागतो. काल अडून बसलेला प्रिंटरचा ड्रायव्हर आज पुन्हा हजर! रोज इमानानं 'बंद' केलेल्या यंत्राचा टास्क मॅनेजर उघडून पाहा. 'अप टाइम' कित्येक दिवसांचा निघेल. पूर्ण बंद होऊन नव्यानं सुरू व्हायचं असेल, तर 'रीस्टार्ट' करावं लागतं.

म्हणजे प्रकरण निकाली काढल्याचं दाखवायचं आणि मूळ फाइल कपाटात जिवंत ठेवायची. ही विद्या मायक्रोसॉफ्टनं कोणत्या कार्यालयात बसून उचलली, याची चौकशी व्हायला हवी. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, तो आमचा रीस्टार्ट असं आम्ही समजत होतो. तो शट डाऊनच निघाला.

उपाय सोपा आहे. शिफ्ट दाबून शट डाऊन करा. नाहीतर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढा. ऑपरेटरनं ती काढायला घेतलीही होती. पण विनापरवानगी सेटिंगला हात कसा लावणार? रीतसर प्रस्ताव वर गेला. उत्तर लवकर आलं, हे विशेष: 'सदर टिक कोणी, कधी व कोणाच्या आदेशाने लावली, याचा स्वयंस्पष्ट अहवाल तीन प्रतींत सादर करावा. तोपर्यंत संगणक बंद करू नये.'