काणुका

इंद्राने एका दमात सोमरसाची तीस सरोवरं रिचवली, असं ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात म्हटलंय. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पंडितांचं घोडं अडलं ते त्याच ऋचेच्या शेवटच्या शब्दापाशी: काणुका. लग्नात बासुंदी ओरपून जाणाऱ्या त्या पाहुण्यासारखा हा शब्द. वरपक्षाला वाटतं वधूकडचा, वधूपक्षाला वाटतं वराकडचा.

कौत्स नावाच्या जुन्या पंडिताने तर रोखठोक सांगून टाकलं, की मंत्रांना अर्थबिर्थ काही नसतो. पुरावा म्हणून त्याने जे दुर्बोध शब्द पुढे केले, त्यांत काणुका होताच. वेदातल्या अवघड शब्दांचे अर्थ लावणारे यास्काचार्य तापले. आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे, असं त्यांनी आपल्या निरुक्त या ग्रंथात सुनावलं.

एवढं सुनावल्यावर अर्थ सांगणं आलंच. यास्कांनी एक नाही, पाच सांगितले. काणुका म्हणजे आवडती सरोवरं, किंवा काठ ओलांडलेली, किंवा नीट तयार केलेली. किंवा ते सरोवरांचं विशेषणच नव्हे, इंद्राचं: सोमाचा लाडका. किंवा दोघांचंही नव्हे, पिण्याचं: इच्छा मरेस्तोवर! खांब एक, पण उभा पाच ठिकाणी. डोळसाने तरी कुठून वाट काढावी?

तरी मला यास्कांचा हेवा वाटतो. 'माहीत नाही' म्हणायची वेळ टाळावी तर अशी, दर अर्थामागे एक 'वा' लावून. सरोवरांचीही त्यांनी हीच गत केली. याज्ञिक म्हणतात, सरोवरं कसली, दुपारच्या सवनातली, म्हणजे सोम गाळण्याच्या विधीतली, एकाच देवतेची तीस पात्रं ती. शब्दांची व्युत्पत्ती लावणारे नैरुक्त म्हणतात, पंधरवड्याचे दिवस आणि रात्री. बिचाऱ्या इंद्राचा विक्रम भांड्यांवर आला, पण काणुका जागचा हलला नाही.

इतका सोयीचा शब्द पोथीत का कुजवायचा, म्हणून मी तो घरात काढला. बायकोने विचारलं, "भरीत कसं झालंय?"

"काणुका."

आवडलं, नीट केलंय, पुरे झालं. ज्याला जो हवा तो अर्थ. तिने माझ्या ताटाकडे पाहिलं. भरीत लोणच्याच्या आडोशाला सरकवलेलं होतं.

"म्हणजे खारट," ती म्हणाली, आणि उरलेलं सगळं माझ्याच ताटात वाढलं.