नव्या संचाची वाट : एक यवतमाळी प्रबंध

युद्धपत्त्यांच्या खेळांवर लिहिणाऱ्यांनी पत्त्यांवर लिहिलं, डावपेचांवर लिहिलं, दुर्मिळ पत्त्याला लिलावात काय बोली लागली यावर तर रकानेच्या रकाने भरले. पण नवा संच येणार अशी कुणकुण लागल्यापासून तो हातात पडेपर्यंतचा जो काळ, त्याच्याकडे एकाही पंडितानं ढुंकून पाहिलेलं नाही. वास्तविक या छंदात खेळणं थोडं आणि वाट पाहणं फार. ज्या कामात माणसाचा सर्वाधिक वेळ खर्ची पडतो त्यालाच शास्त्र नसावं, ही लाजिरवाणी उणीव दूर करण्यासाठी प्रस्तुत प्रबंध.

अभ्यासक्षेत्र म्हणून यवतमाळ जिल्हाच का, असा आक्षेप पुण्याहून येईल. त्याचं उत्तर रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद लोहवाट किलिक निक्सन कंपनीनं कापूस वाहायला घातली. तिच्यावरची ‘शकुंतला’ गाडी बंद पडली, आणि तिच्या ब्रॉडगेज अवताराकडे जिल्हा डोळे लावून बसला आहे. दुसऱ्या, वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाची घोषणा २००८च्या सुमाराची. त्यावरची गाडी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्ध्याहून निघाली ती कळंबपर्यंत आली. (कळंबलाच का, याचा उलगडा पुढे ऐतिहासिक पुराव्यानिशी होईल.) सांगायचं एवढंच, की जाहीर झालेल्या गोष्टीची वाट कशी पाहावी हे या जिल्ह्यातल्या मुलाला शिकवावं लागत नाही. ते त्याला वारशानं मिळतं, सातबाऱ्यावर नाव चढण्याच्या कितीतरी आधी.

आता व्याख्या. मूळ खेळात जे पत्ते नव्हते, पण आल्यावर ज्यांच्यावाचून आजवर आपण कसे जगलो असा प्रश्न पडतो, त्या पत्त्यांच्या समूहाला विस्तारसंच म्हणावं. याचा आद्य आचार्य रिचर्ड गारफिल्ड. हा गृहस्थ गणिताचा, संचयशास्त्रात पीएचडी केलेला. म्हणजे किती वस्तू किती प्रकारे मांडता येतील याचा हिशेब करणारा. त्यानं १९९३ साली ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘अरेबियन नाइट्स’ हा पहिला विस्तारसंच आला. या संचाची पाठ निराळ्या रंगाची ठेवायची असं आधी ठरलं होतं. ऐनवेळी बेत बदलला आणि जुन्या-नव्या पत्त्यांची पाठ एकच राहिली, म्हणजे दोन्ही एकत्र पिसता यावेत. आमच्या मते संपूर्ण प्रतीक्षाशास्त्र या एका निर्णयावर उभं आहे. पाठ वेगळी असती तर नवा संच हा नुसता दुसरा खेळ ठरला असता. पाठ एक राहिल्यामुळे घरात पडलेला जुना कॅट नव्याच्या आशेनं सतत अस्वस्थ राहतो.

याच खेळाच्या इतिहासातली आणखी एक गोष्ट नोंदवणं भाग आहे. १९९५ साली कंपनीनं जुने दुर्मिळ पत्ते पुन्हा छापले, संग्राहक खवळले, आणि १९९६ साली कंपनीनं ठरावीक पत्त्यांची यादीच प्रसिद्ध करून आश्वासन दिलं की हे पुन्हा छापणार नाही. हे आम्ही एसटी स्टँडवर एका मित्राला सांगितलं. आश्वासनाची यादी छापून प्रसिद्ध करतात, हे त्याला पटलं. ते पाळतातही, इथं मात्र त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

यवतमाळात हा छंद पोहोचला तो जपानच्या पोकेमॉनच्या रूपानं. पत्ते जपानात १९९६ साली निघाले, कार्टून आपल्याकडे २००३ साली हिंदीतून लागलं, आणि मग चिप्सच्या पुड्यांतून त्याच प्राण्यांच्या चकत्या घरोघर गेल्या. आज शाळेसमोरच्या जनरल स्टोअर्समध्ये शाम्पूच्या पुड्यांशेजारी पत्त्यांच्या पाकिटांची लड टांगलेली दिसते. ती अस्सल असतेच असं नाही. सोनेरी मुलाम्याचे, उन्हात धरले की डोळे दिपवणारे जे पत्ते बाजारात विकतात, त्यांचा जपानशी संबंध आपल्या चायनीज भेळेचा चीनशी असतो तेवढाच. पण प्रतीक्षा खऱ्या-खोट्याचा भेद जाणत नाही, आणि शास्त्रकारानंही तो करू नये.

अधिकृत नियमांप्रमाणे साठ पत्त्यांचा कॅट लागतो, हातात सात घ्यायचे, सहा बक्षिसाचे म्हणून बाजूला काढायचे, शक्तीचे पत्ते जोडत जायचे. आमच्या निरीक्षणात यातलं काहीही आलं नाही. इथला पोट्टा पत्त्यावरचा ‘एचपी’ नावाचा आकडा वाचतो. ज्याचा आकडा मोठा तो समोरच्याचा पत्ता ओढतो. ही पद्धत त्याच्या वडिलांच्या पिढीकडून आली आहे, कारण ते डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड असेच खेळत. छाती, दंड, वजन. पैलवानाचं कर्तृत्व आकड्यांमध्ये. परंपरा म्हणतात ती हीच.

या पद्धतीचा विस्तारसंचावर फार मोठा परिणाम होतो. पोकेमॉनच्या १९९९च्या इंग्रजी संचातल्या चारिझार्ड नावाच्या प्राण्याचा एचपी १२० होता. पुढे २०२०च्या संचात त्याच चारिझार्डचा एक भव्य अवतार ३३० घेऊन आला. तेव्हा नव्या संचाची वाट पाहणं म्हणजे आपल्या खिशातला वाघ उद्या मांजर ठरणार याची वाट पाहणं. तरीही मुलं आनंदानं पाहतात! जाहीर झालेला आकडा वाढता असला की माणसाला बरं वाटतं, याला वयाचं बंधन नाही. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला तेव्हा जिल्ह्यातल्या बापांनाही बरं वाटलं होतं. पुढे ओलावा मोजतात आणि आकडा खाली येतो, ही वेगळी शाखा. तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लागेल.

प्रत्यक्ष क्षेत्रकार्यात ऐकलेला एक संवाद इथं उतरवतो, कारण प्रतीक्षेची सारी मीमांसा त्यात सामावली आहे.

“काका, नवीन सेट आला का?”

“येऊन रायला ना राजा. सोमवारी.”

“मांगच्या सोमवारी बी तुमी हेच म्हनलं होतं.”

“मंग? सोमवार एकच रायते का बे?”

मुलगा निरुत्तर झाला. आम्हीही झालो. माल नागपूरच्या इतवारीतून दीडशे किलोमीटर येतो, मध्ये कुणाची तरी गाडी, कुणाचं तरी लग्न. पण खंडन काळाच्या स्वरूपाविषयी होतं आणि ते बिनतोड होतं. मग मुलानं लडीवरची जुनीच पाकिटं एकेक करून अंगठ्यानं चाचपली. चकाकता पत्ता साध्यापेक्षा किंचित जड आणि ताठ असतो अशी या क्षेत्रातली समजूत आहे. परदेशी लोक त्यासाठी सोनाराचा काटा वापरतात. अंगठा कोपऱ्यापाशी थांबतो, पाकीट कानाशी जातं, डोळे छताकडे. कलिंगड वाजवून घेणाऱ्या आजोबांच्या चेहऱ्यावर जी समाधी दिसते तीच. “दाबू नको ना बे,” असं दुकानदार म्हणतो, पण तेही वरवर. दाबल्यावाचून कोणी घेत नाही हे त्याला ठाऊक असतं.

इथं पूर्वपक्ष असा, की नव्या संचातले पत्ते आधीच चित्रांसकट जाहीर होतात. ज्याला सारं ठाऊक आहे तो कशाची वाट पाहतो? उत्तर सोपं आहे. लग्नात जेवायला काय आहे हेही सकाळीच कळतं, तरी पंगत बसेपर्यंत कोणी घरी जात नाही. यादी कळली म्हणून आपल्या पाकिटात काय निघेल ते कळत नाही. तरीही आमचं वैयक्तिक मत विचाराल तर ही आगाऊ यादी म्हणजे या छंदाला लागलेली कीड आहे. कुणकुण असावी, चित्र अर्धं दिसावं, एकानं दुसऱ्याला शपथेवर खोटं सांगावं.

खेळ मोबाइलवर आल्यापासून एक नवी अवस्था उत्पन्न झाली आहे. पोकेमॉनच्या पत्त्यांचा ‘पॉकेट’ नावाचा खेळ ऑक्टोबर २०२४ला आला. त्यात दर बारा तासांनी एक पाकीट फुकट उघडायला मिळतं, एका पाकिटात पाच पत्ते. म्हणजे वाट पाहण्याला घड्याळ लागलं. हरभऱ्याच्या दिवसांत शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली, की बाप टॉर्च घेऊन मोटार चालू करायला निघतो, आणि त्याच वेळी खाटेवर पोराच्या गोधडीआड निळा उजेड पडतो. दोघंही एकमेकांना विचारतात, “काऊन उठला बे?” खरं उत्तर कोणीच देत नाही. दोघांनाही रात्री-बेरात्री उठवणारा कोणी तरी दूरच्या कार्यालयात बसलेला असतो, एवढं साम्य नोंदवून पुढे जाऊ.

आता ऐतिहासिक पुरावा. हा सगळा प्रकार परदेशी आणि कालचा, असं जे ज्येष्ठ म्हणतात त्यांनी ‘आइन-ए-अकबरी’ उघडावी. अबुल फजलनं त्यात गंजिफाचं वर्णन केलं आहे: बारा बाजू, प्रत्येकीत बारा पत्ते, एकूण १४४. बाजू कोणत्या? अश्वपती, गजपती, गडपती अशा फौजफाट्याच्या तर आहेतच. शिवाय असुरांच्या बाजूचा राजा सुलेमान, त्याचा वजीर घोड्यावर बसलेला. वनपतीच्या बाजूला वाघ, त्याचा वजीर बिबट्या. अहिपतीच्या बाजूला अजस्र सर्पावर स्वार झालेला नागराजा! सोळाव्या शतकातल्या या कॅटपुढे आजच्या कंपन्यांच्या चित्रकारांनी पाणी भरावं. बादशहानं तो जसाच्या तसा ठेवला नाही, काही बाजू बदलल्या. म्हणजे सुधारित आवृत्तीही निघाली.

याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे आणि तीत कळंब हे सरकार आहे. यवतमाळ तेव्हा सरकार नव्हतं. रेल्वे वर्ध्याहून आली ती कळंबला थांबली, याचं कारण आता वाचकांच्या ध्यानात आलंच असेल: बांधकाम खात्याचा नकाशा अजून अकबराच्या वेळचाच आहे.

प्रतीक्षेची पहिली लेखी नोंद मात्र अकबराच्या आजोबाकडे जाते. सिंधच्या शाह हसनला गंजिफाचा भारी नाद. त्यानं मागणी केली, आणि बाबरानं १५२७ साली मीर अली नावाच्या माणसाच्या हाती ते पत्ते आग्र्याहून थट्ट्याला धाडले. पाठवणाऱ्यानं रोजनिशीत नोंद केली. वाट पाहणाऱ्याची रोजनिशी कोणी ठेवत नाही, म्हणून तर हा प्रबंध.

मुघली खेळ पुढे आठ बाजूंचा आणि ९६ पत्त्यांचा रूढ झाला. त्याचा मराठी मुलखातला दशावतारी अवतार, जो सावंतवाडीत आजही रंगवला जातो, दहा बाजूंचा आणि १२० पत्त्यांचा आहे. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येकाचा एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी. पत्ते गोल. दिवसा खेळायचं तर रामाच्या राजाची उतारी, रात्री कृष्णाच्या. निम्म्या बाजूंत दश्शी भारी, निम्म्यांत एक्का. म्हणजे ‘एचपी’ मोठा तो जिंकला हा यवतमाळी न्याय तिथं अर्धाच चालेल. सावंतवाडीच्या भोसले राजघराण्यानं विसाव्या शतकात ही कला मरू दिली नाही. तिकडे म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर खेळ ३६० पत्त्यांपर्यंत नेला. राजाला कोणी थांबवत नाही म्हणून विस्ताराचं काय होतं, त्याचा तो नमुना.

दशावतारी संचात एक गोष्ट अशी आहे की जी गारफिल्डला सुचली नाही. दहावी बाजू कल्कीची. हा अवतार कलियुगाच्या अखेरीस यायचा, कलियुग ४,३२,००० वर्षांचं, त्यातली सुमारे पाच हजार सरली. म्हणजे प्रकाशनाला अजून सव्वाचार लाखांहून अधिक वर्षं बाकी आहेत. आणि चितारी मंडळींनी त्याचे बाराच्या बारा पत्ते रंगवून, लाखेचा हात देऊन कधीच बाजारात आणले! लोकांनी ते पिसले, वाटले, त्यांनी हात केले. ज्याची वाट पाहायची त्याला आधी कॅटात घ्यायचं आणि मग स्वस्थ बसायचं, ही युक्ती नागपूरच्या घाऊक व्यापाऱ्यांनाही अजून साधलेली नाही.

तेव्हा सावंतवाडीच्या चितारींना या जिल्ह्यातर्फे एक विनंती. अकबरी वनपतीची बाजू पुन्हा काढा. राजा म्हणून टिपेश्वरचा वाघ घ्या, प्रधान बिबट्याच राहू द्या, खाली दश्शीपर्यंत रानडुक्कर आणि रोही उभ्या पिकात सोडा. त्यांचा एचपी किती ते आमचे शेतकरी सांगतील. पत्ते गोल ठेवा, म्हणजे कोपरा दाबून पाहण्याचा प्रश्न उरणार नाही. संच कधी येणार हे मात्र जाहीर करू नका. नुसतं सोमवार म्हणा.