शेवाळाच्या जिवावर

आमच्या कोकणातल्या घरी शेवाळ म्हणजे शत्रू. श्रावणात अंगणातल्या चिऱ्यांवर ते धरलं की आजी खराटा नि चुना घेऊन मागे लागायची. तरीही दर पावसाळ्यात निदान दोनदा मी तिथे साष्टांग नमस्कार घालायचोच. त्याच शेवाळाच्या जिवावर श्वास घ्यायचं मी पन्नाशी उलटल्यावर ठरवलं. आजी असती तर खराटा माझ्यावर चालला असता.

बँकेतून निवृत्त झालो आणि एकट्याने बसायच्या पाणबुडीचं वेड लागलं. परदेशात हौशी लोक गॅरेजमध्ये अशा पाणबुड्या जोडतात म्हणे. मला गॅरेज नाही, वेल्डिंग येत नाही, पोहणंही बेताचंच. तेव्हा निदान हवेपासून सुरुवात करू म्हटलं. बंद पाणबुडीत ऑक्सिजन संपायच्या आधी माणसाला त्याचाच सोडलेला कार्बन डायऑक्साइड नडतो. तो शोषायला सोडालाइम ठेवतात. ते निकामी झालं की टाकून द्यायचं. शेवाळ मात्र उजेडात तोच वायू घेऊन ऑक्सिजन देतं. बुडीत खात्यावर व्याज! तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आणखी कशाला भुलणार?

शिवाय दाखला होता. 2007 साली ऑस्ट्रेलियातल्या अल्बरीजवळ लॉइड गॉडसन हा तरुण पाण्याखाली पोलादी पेटीत बारा दिवस राहिला. सोबत शेवाळाच्या नळ्यांचं यंत्र, विजेसाठी पेडल मारायची सायकल. शेवाळाला खत म्हणून तो स्वतःची लघवी घालायचा. हे मी चहाच्या वेळी उत्साहाने वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "अहो, बाकी काय ते करा. ही एक गोष्ट माझ्या घरात होणार नाही."

म्हणून युरिया आणला. कुंडीखालच्या ताटलीतलं हिरवं पाणी, कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या अकरा बाटल्या, मत्स्यालयाचा पंप. गॅलरीतल्या उन्हात आठवड्याभरात पाणी आधी पोपटी, मग पालकाच्या सूपासारखं झालं. दुपारी बाटलीला डोळा लावला की काचेला मोत्यांसारखे बुडबुडे चिकटलेले दिसायचे (बाटली प्लॅस्टिकची होती, पण त्या क्षणी मी तिला काचच म्हणत असे). त्यातले निम्मे पंपाचे असणार, हे मी स्वतःलाही सांगितलं नाही.

चाचणीसाठी सोसायटीच्या गच्चीवरची हजार लिटरची जुनी, कोरडी टाकी हेरली. काळीकुट्ट. दुपारी सगळे झोपल्यावर बाटल्या आत सोडल्या, मागोमाग मी. पोट तोंडाशी अडकलं, श्वास सोडला तेव्हा आत गेलं. झाकण सैलसर ओढून घेतलं, मांडीवर कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवला.

मीटर आठशे म्हणाला. मग दीड हजार. पाच-सात मिनिटांत अडीच हजार. माझं शेवाळ करतंय काय? मोबाइलचा टॉर्च लावला आणि उजेड पडला, टाकीत आणि डोक्यातही. काळी टाकी, वर झाकण. आत मिट्ट अंधार! अंधारात शेवाळ ऑक्सिजन देत नाही, आपल्यासारखंच तो घेतं. म्हणजे मी अकरा भागीदार घेऊन आत बसलो होतो.

टॉर्चवर भागेल का, हे बसल्या जागी शोधलं. सैबेरियात क्रास्नोयार्स्कच्या शास्त्रज्ञांनी 'बिओस' प्रयोगांत हाच हिशेब मांडलाय: एका माणसाला क्लोरेला शेवाळाचा आठ चौरस मीटर उजेडातला पृष्ठभाग लागतो. माझ्या बाटल्या भर उन्हात ठेवल्या तरी अर्धा चौरस मीटर भरला नसता. तिथेच कळलं की 1961 मध्ये येवगेनी शेपेलेव क्लोरेलासोबत बंद खोलीत चोवीस तास राहिले आणि दार उघडणाऱ्यांना आतला वास सोसवेना. माझ्या टाकीत वीस मिनिटांतच तिथवर मजल गेली होती.

मीटर पाच हजारांवर जाऊन कोकलू लागला. झाकण ढकलायला उठलो, तर एका बाटलीवर पाय पडून ती फुटली. सूप तळभर पसरलं आणि मी चाळीस वर्षांनी पुन्हा साष्टांग घातला. आवाजाने वॉचमन धावत आला. झाकण उचलून त्याने बॅटरी मारली, माझ्याकडे बघितलं, मग तळाकडे.

"काका, आत शेवाळ झालंय," तो म्हणाला. "पाय जपून टाका."