तोळाभर गोळी

मुरबाड-शहापूर पट्ट्यात शिकारी दोन प्रकारचे. एक, ज्यांनी कधीकाळी काही केलंय आणि जे त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, कारण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सगळ्यांना तोंडपाठ आहे. दुसरे, ज्यांनी काहीच केलेलं नाही आणि म्हणून जे मोकळेपणी बोलू शकतात. आबा दुसऱ्या प्रकारातले. त्या प्रकारात त्यांचा हात धरणारा तानसापासून माळशेजपर्यंत कोणी नाही.

आबांकडे बंदूक आहे, हे आधीच सांगून टाकतो; नाहीतर माणूस नुसताच बोलघेवडा वाटेल. आजोबांकडे ठासणीची होती. वडिलांनी बारा बोरची एकनळी घेतली, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर, आणि ती वारसाने आबांकडे आली. बारा बोर म्हणजे काय, हे सरळगावच्या नाक्यावर आता चहा देणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक नळीत बरोबर बसते, तो बारा बोर. पोराला हे माहीत आहे कारण त्याने विचारलं नव्हतं. न विचारणाऱ्याला आबा सोडत नाहीत.

पण बारा बोरमध्ये आबांचा जीव रमत नाही. एलजी डुकराला, चार नंबर सशाला, सहा नंबर तितराला. छर्ऱ्यांचं शास्त्र त्यांच्या मते तिथेच आटपतं. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाला आयुष्यभर पुरेल एवढी गुंतागुंत त्यात नाही. ती रायफलच्या गोळीत आहे. आणि रायफलच्या गोळीची खरी गुंतागुंत आफ्रिकेच्या माळरानावर आहे, जिथे एकाच सकाळी पन्नास-साठ किलोंचा इम्पाला, अडीचशे किलोंचा कुडू आणि सातशे किलोंचा ईलंड समोर येऊ शकतो आणि माणसाच्या हातात रायफल एकच असते. आता कुठली गोळी घ्याल? या प्रश्नावर आबांनी निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य घातलं आहे. एवढं करून आबांनी आजवर रायफल हातात धरलेली नाही.

आबांची आफ्रिका जावयामुळे सुरू झाली. धाकटी मुलगी लग्न होऊन नैरोबीला गेली. जावयाने पहिल्या भेटीत सासऱ्यांसाठी शिकारीच्या गोळ्यांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. बिचाऱ्याला वाटलं, चित्रं बघतील. आबांनी ते शब्दकोश घेऊन वाचलं, वहीत उतरवलं, आणि घरात जाहीर केलं, "आपण नैरोबीला जायचं. पण तयारीनिशी." केनियाने १९७७ सालीच शिकार बंद केली आहे, हे त्यांना नंतर कळलं. उभ्या आफ्रिकेत जावयाने नेमका हाच देश निवडावा, याबद्दल आबांच्या मनात अढी आहे. "टांझानिया अगदी शेजारी. नामिबिया आहे, दक्षिण आफ्रिका आहे. सगळीकडे रीतसर परवाने मिळतात. पण हे बसले नैरोबीत!" जावयाची बदली व्हावी म्हणून त्यांनी म्हसोबाला नवस बोलला आहे, असं त्यांची बायको, म्हणजे माई, सांगतात. म्हशाच्या जत्रेला आबा दरवर्षी जातात हे खरं. कशासाठी, ते मी विचारलेलं नाही.

आबा गोळी निवडतात ते मुलीला स्थळ बघतात तसं. आधी वजन, मग घराणं, मग अंगातलं पाणी. वजन ग्रेनमध्ये. थर्टी-ओ-सिक्स रायफलला माळरानाच्या जनावरांसाठी जाणते लोक १८० ग्रेनची गोळी सांगतात. आता ग्रेन म्हणजे किती? ७००० ग्रेनचा एक पौंड. याने काही उमगत नाही. आबांनी आकडेमोड केली आणि त्यांना आयुष्यातला सर्वांत मोठा आनंद झाला: जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा! इंग्रजांनी १८३३ साली रुपयाचं वजन ठरवलं तेही हेच. म्हणजे कुडूला लागणारी गोळी वजनाने चोख एक तोळा.

ते वजन तळहातावर घेऊन बघायचं म्हणून आबा मुरबाडच्या बाजारात सोनाराकडे गेले. मी बरोबर होतो, कारण पेढीवर आबांना एकट्याने जायची चोरी. माईंना कळलं तर वेगळाच संशय.

"तोळाभर काहीही ठेवा हातावर," आबा म्हणाले.

सोनाराने एक वळं काढलं. "लग्न आहे का घरात? पाटल्या बघताय की गोफ?"

"कुडू."

सोनाराने माझ्याकडे बघितलं. मी बाहेरच्या एसटीकडे बघितलं. दागिन्यांत रोज नवीन फॅशन येते, त्यातलाच एखादा प्रकार असेल असं धरून तो म्हणाला, "ऑर्डर देऊन करून घ्यावा लागेल." तेवढ्यात आबांचं लक्ष काट्यावरच्या आकड्याकडे गेलं. दहा ग्रॅम! हल्लीचा तोळा दहा ग्रॅमचा, जुना अकरा ग्रॅम सहासष्ट सेंटिग्रॅमचा. "म्हणजे १५४ ग्रेनच भरले," आबा पेढीवरच कडाडले, "सव्वीस ग्रेन कमी! एवढ्या फरकाने जनावर जखमी होऊन काट्यात शिरेल!" सोनाराने वळं हळूच काढून घेतलं. पेढीवरच्या दोन बायकांनी आपापली वजनं पुन्हा करून मागितली. तेव्हापासून त्या गल्लीतून आम्ही जात नाही.

वजनानंतर घराणं. नुसती शिशाची, तांब्याच्या पत्र्यात बसवलेली, उघड्या मऊ नाकाची, चोख तांब्याची. मऊ नाकाची गोळी जनावराला लागली की पुढून चेपून पसरते आणि मोठी जखम करते. टणक गोळी तशीच आरपार जाते. पण फार मऊ असली तर जाड हाडावर फुटते, आणि वाइल्डबीस्टचा खांदा म्हणजे काही थट्टा नाही. इथे आबांचा आवाज खाली येतो आणि ते नॉस्लरची गोष्ट सांगतात. १९४६ साली कॅनडात जॉन नॉस्लर नावाच्या अमेरिकन माणसाच्या गोळ्या एका चिखलाने माखलेल्या मूसच्या अंगावर फुटल्या, आत गेल्याच नाहीत. तो घरी गेला आणि त्याने गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत घातली: पुढचा भाग पसरेल, मागचा तसाच शाबूत राहून खोल जाईल. १९४८ पासून ती गोळी विकायला आली. आबांच्या बोलण्यात तिचं नाव 'भिंतीवाली'. नाक्यावरचे टेम्पोवाले आता कुठलीही मजबूत वस्तू भिंतीवाली म्हणतात. परवा एकाने टायर घेतला, तोही भिंतीवाला होता.

नाक्यावर आबांना एकच प्रतिस्पर्धी: निवृत्त सुभेदार. सुभेदारांनी खरोखर हजारो गोळ्या झाडल्या आहेत आणि त्यांना त्याविषयी बोलायला आवडत नाही. आबांना हे अनुभवाचा दुरुपयोग वाटतो. एकदा सुभेदार म्हणाले, "आम्हाला तर पूर्ण तांब्याच्या वेष्टनाचीच देतात. आरपार. हे मऊ नाक-बिक कशाला?" आबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. पसरणारी गोळी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी केली, म्हणून जगभर तिचं नाव दमदम. १८९९ साली हेगच्या परिषदेत ती युद्धात वापरायला बंदी आली. "लढाईत माणूस जखमी होऊन बाजूला पडला तरी काम झालं. शिकारीत जनावर जखमी होऊन पळालं तर ते पाप. म्हणून जी गोळी लढाईत निषिद्ध, तीच शिकारीत धर्माची." सुभेदार बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे बरोबर आहे." आबांनी आजवर सांगितलेल्या सगळ्यांत मलाही हेच पटलेलं आहे. कधीही कुठलंही जनावर न मारलेल्या माणसाला जखमी जनावराची एवढी काळजी असावी, हे मला त्यांच्या बाजूने लिहून ठेवावंसं वाटतं.

पुढे कॉर्बेट येतो. तो आल्याशिवाय आबांची मैफल संपत नाही. कॉर्बेटकडे .२७५ रिग्बी होती. बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बरेचसे त्याच मापाच्या रायफलने, टणक गोळीने, नेमक्या जागी. "म्हणजे काय? गोळी मोठी नको, जागा चुकायला नको." यावर आबा खिशातून पेन काढून चहावाल्याच्या बाकावर जनावर काढतात आणि आफ्रिकेच्या जनावराचं काळीज कसं खाली आणि पुढे, पायाच्या रेषेत असतं, ते फुली मारून दाखवतात. बाकावर अशा फुल्या इतक्या झाल्या आहेत की बसणाऱ्याच्या लेंग्याला शाई लागते. कॉर्बेटसाहेबसुद्धा १९४७ साली नैनिताल सोडून केनियाला गेले आणि १९५५ साली तिथेच वारले, हे सांगताना आबांचा सूर असा, की बघा, अखेर त्यांनाही जावंच लागलं.

आता घरची बंदूक. ती बहुतेक वेळा घरी नसते. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या. २०२४ साली आमच्या भिवंडी मतदारसंघात लोकसभेचं मतदान २० मे रोजी झालं, विधानसभेचं २० नोव्हेंबरला. विधानसभेची आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला, म्हणजे भात लोंबीवर येऊन पिकायला लागलेलं असताना. डुकरांना पंचांग कळतं की निवडणूक आयोगाचं वेळापत्रक, ते ठरवणं कठीण आहे. ती नेमकी तेव्हाच खाली उतरतात. बंदूक घरी असती तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर बार टाकता येत नाही, हा भाग वेगळा. आबा कायदा पाळणारे आहेत. त्यांचं एकही काडतूस हिशेबाबाहेर गेलेलं नाही, कारण एकही गेलेलंच नाही. खडकीच्या कारखान्याची काडतुसं कपाटात माईंच्या पैठणीखाली आहेत आणि पैठणीइतकीच कमी वेळा बाहेर येतात.

त्या ऑक्टोबरात शेताच्या माळ्यावर राखणीला आबा, मी आणि ठाकरवाडीतला एक म्हातारा असे तिघं बसलो होतो. म्हाताऱ्याकडे पत्र्याचा डबा, काठी आणि गोफण. शेताभोवती माईंच्या जुन्या साड्यांचं कुंपण. रात्री आबा वॉर्टहॉगवर आले. आफ्रिकेतला डुकराचाच भाऊबंद. त्याला हलकी गोळी पुरते, पण सुळे सांभाळून. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आबा, वारा कुठनं हाय?"

आबांनी बोट ओलं करून वर धरलं. मग दुसरं धरलं. उत्तर आलं नाही.

"आपल्याकडनं वढ्याकडं चाललाय," म्हातारा म्हणाला. "डुकरां वढ्यातनं नाय येयाची. वरल्या बांधानं येतील. आन जरा गप ऱ्हा, त्यांना आयकू जातं."

डुकरं वरल्या बांधानेच आली. म्हाताऱ्याने डबा वाजवला, गोफणीचा एक दगड सोडला, आणि कळप साडीचं कुंपण फाडून पळाला. आबा म्हणाले, "एकशेऐंशी ग्रेन असती तर." म्हातारा काही बोलला नाही. पहाटे त्याने कोपऱ्यातल्या लोळवलेल्या भाताचे पेंढे बांधले आणि नुकसान आपल्या अंदाजाने सांगितलं. तलाठ्याचा पंचनामा नंतर तेवढ्याचाच झाला.

नैरोबीचं म्हणाल तर माई जाऊन आल्या. लेकीचं बाळंतपण होतं, तिला गोळी ठरेपर्यंत थांबता येईना. आबा गेले नाहीत, त्यांचा ईलंडचा प्रश्न सुटायचा होता. माई परतल्या त्या दिवशी दारात पहिला प्रश्न नातवाबद्दल झाला, हे आबांच्या बाजूने नोंदवतो. दुसरा लगेच.

"ईलंड बघितलास?"

"बघितला ना. शहराला लागूनच आहे ते पार्क. केवढं धूड! गाडीसमोर येऊन उभा राहिला. ड्रायव्हर म्हणाला, जाईल तेव्हा जाऊ."

"किती अंतरावर?"

"हात लावता आला असता."

आबांनी वही काढली. "इतक्या जवळून? मग वेग फार. मऊ गोळी फुटेल. भिंतीवालीच हवी, आणि वजनाने वरची." माईंनी बॅग उघडून नातवाचे फोटो काढले. आबांनी ते बघितले, प्रेमाने बघितले, आणि एका फोटोमागच्या कोऱ्या जागेवर २०० ग्रेन असं लिहिलं.

२०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाचे आठ चित्ते कुनोला आले तेव्हा आबा दिवसभर अस्वस्थ होते. "जनावरं इकडे यायला लागली," ते म्हणाले, "आणि आपण अजून इथेच." दोन दिवसांनी मात्र त्यांचा चेहरा खुलला. चित्त्यांना तिथे काय खायला घालतात, ते वजनाने किती, याचा त्यांनी नवा तक्ता सुरू केला होता.

तुमच्यापैकी कोणाचं रीतसर परवाना काढून नामिबियाला किंवा दक्षिण आफ्रिकेला जायचं ठरलं असेल, तर संध्याकाळी पाचनंतर सरळगावच्या नाक्यावर या. आबा तिथेच भेटतील. रायफलचं माप, जनावराचं नाव आणि अंतर तेवढं सांगा. गोळी ते सांगतील, आणि ती बरोबर असेल. चहाचे पैसे तुम्ही द्यायचे, आणि बसण्याआधी बाकावरची शाई वाळली आहे का बघून घ्यायचं. रानडुकरांचा त्रास असेल तर मात्र नाक्यावर थांबू नका, सरळ ठाकरवाडीत जा.