जरा प्रॉडवर बघून सांगतो

डेव्हलपरला प्रॉडक्शन सर्व्हरचा ॲक्सेस असू नये, असं माझं फार जुनं आणि ठाम मत आहे. मात्र त्या डेव्हलपरांत मी स्वतःला कधी धरलं नव्हतं.

हिंजवडीत लीड, आर्किटेक्ट वगैरे हुद्दे सगळ्यांनाच मिळतात. टपरीवर त्यांना कोणी विचारत नाही. पण ‘थांब, जरा प्रॉडवर बघून सांगतो’ असं मी फोनवर गरजेपेक्षा मोठ्याने म्हणालो की दोन-तीन फ्रेशर चहाचा घोट अर्धवट सोडून वळायचे. ऑडिट आलं आणि ॲक्सेस गेला. आता सासऱ्यांना काय सांगायचं, हा पहिला विचार मनात आला. त्यांना प्रॉड म्हणजे काय हे आजही माहीत नाही, तो भाग वेगळा.

ऑडिटवाल्यांनी गिटलॅबचा दाखला दिला. मला! हा किस्सा मी लग्नाच्या पंगतीतही सांगतो, जिलबी येईपर्यंत पुरवतो. 31 जानेवारी 2017, रात्री उशिराची वेळ. दोन डेटाबेस सर्व्हर, नावांत फरक एका आकड्याचा. इंजिनिअरला साफ करायचा होता दुसरा; कमांड चालली पहिल्यावर, म्हणजे चालत्या सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याने थांबवली, तोवर सुमारे 300 जीबीतले साडेचार उरले. बॅकअपच्या पाच सोयी होत्या, वेळेला धड एकही कामी आली नाही. मग दुरुस्तीचं काम कंपनीने यूट्यूबवर थेट दाखवलं आणि जगाने ते मॅच बघावी तसं बघितलं! शेवटी सापडली ती सहा तासांपूर्वी चाचणीसाठी हाताने घेतलेली एक कॉपी. ती घेणारा तोच इंजिनिअर. ज्या हाताने बुडवलं, त्यानेच तारलं. ऑडिटवाले गोष्ट सांगताना नेमके इथेच पाणी प्यायला थांबतात.

आता रात्री साइट पडली की फोन मला येतो आणि लॉगिन असतं ऑप्सच्या मुलाकडे. त्याने स्क्रीन शेअर करायची नाही, असाही नियम आहे. म्हणून मी कमांड तोंडी सांगतो. “स्लॅश व्हार, स्लॅश लॉग.”
“सर, कुठला स्लॅश?”
“उजवीकडे कललेला.”
“माझ्या उजवीकडे?”

आधी मी भडकायचो. एकदा पहाटे कमांड टाइप करून तो एंटरपाशी थांबला आणि हळूच म्हणाला, “सर, काही उडालं तर नोंदीत नाव माझंच येईल ना?” लातूरचा पोरगा, पहिलीच नोकरी. कोड माझा, कमांड माझी. बोट आणि नाव तेवढं त्याचं. आम्ही त्याला सुरक्षा म्हणतो.

बदल करण्याचा हक्क खुशाल काढून घ्या. पण लॉग वाचू द्या, आणि साइट पडली असेल तेव्हा तासाभरापुरतं दार उघडा, माझ्या नावाने, प्रत्येक कमांडची नोंद ठेवून. हे आजच्या घडीला अवघड नाही. तसं तिकीट मी टाकलंय. ते मंजुरीसाठी ज्या मॅनेजरांकडे पडून आहे, त्यांनी स्वतःचा ॲक्सेस अजून सोडलेला नाही.